पोळ्याच्या दिवशी जुंपलेली जीप

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणाऱ्यातला नाही. तांड्यावर कोणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून बाहेर जायचो. तरी हे लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जड झालंय...

आमचा बंजाऱ्यांचा तांडा नेरजवळ. कापसाचे ते वाईट दिवस होते, शेतीत काही राम उरला नव्हता, म्हणून माझ्या बा नं सेकंडहँड डिझेल जीप घेतली. नेर-यवतमाळ प्रवासी वाहायचो, ड्रायव्हर मीच. आमचे जुने लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्यामुळे बा च्या डोक्यात गाडी म्हणजे बैलच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून झालं की तो जीपच्या बोनेटलाही लावायचा अन् म्हणायचा, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पोळ्याला गाडी बंद म्हणजे बंद.

"बा, लोखंडाले कायचा आला खांदा?" मी चिडवायचो.

"वझं वाहते ना? मंग खांदा हाय."

त्या पोळ्याला दुपारी माझ्या बहिणीला, संगीला, कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. दिवस भरले नव्हते, अन् अंगावरून रक्त जायला लागलं. बा बैल घेऊन तोरणाखाली गेलेला. सणामुळे दुसरी गाडी मिळेना. मी किल्ली उचलली. याडी — म्हणजे आई — संगीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली.

अर्ध्या वाटेत चढ लागला अन् बोनेटखाली फाटकन आवाज झाला. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचे दोन-चार ठोके. ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिनचा आवाज गेला. पूर्ण गेला... पण गाडी थांबली नाही. उतार असता तर समजलो असतो. ती चढावर जात राहिली. पायाखाली नुसती थरथर.

"काहून रे, बंद पडली काय?" याडीनं विचारलं.

"नाही. चालू हाय."

खरं तर मला कळत होतं, ही आतून मोडून राह्यली. तरी मी अॅक्सिलरेटर दाबून धरला. शिव्या दिल्या, स्टिअरिंगवर बुक्के मारले. त्याची मला आजही लाज वाटते, आणि तशी वेळ आली तर मी परत तेच करीन, याची जास्त वाटते. यवतमाळच्या दवाखान्याच्या दारात पोचलो, संगीला उचललं अन् आत पळालो.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. थोडा उशीर झाला असता तर एकही हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं इंजिन खोललं. टायमिंग बेल्टच्या चिंध्या, व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टन फुटलेले.

"बेल्ट तुटला का व्हॉल्व्ह उघडेच राह्यतात अन् पिस्टन येऊन धडकते," तो म्हणाला. "इंजन जागच्या जागी खतम. टोचन करून आणली असन तुम्ही."

चालवत आणली, म्हणालो.

"कायले गंमत करून राह्यले भाऊ," म्हणून तो हसला.

नंतर कितीतरी जणांना विचारलं, इंजिनिअरिंगच्या एका सरांनाही. सगळे म्हणतात, शक्यच नाही. कोणाला उत्तर मिळालं तर मला जरूर सांगा.

पण मला खातं ते वेगळंच. बा दवाखान्यात पोचला तेव्हा तिथल्या चौकीदारानं त्याला सांगितलं होतं, "तुमचा पोरगा गाडी तशीच सोडून पळाला. आवाज नोहता, पण थरथर हलत होती. लय वेळ. मंग उभ्या उभ्या शांत झाली."

बा माझ्यावर रागावला नाही. तू बराबर केलं, म्हणाला. मग परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर पाहत, हळूच बोलला —

"पोचल्यावर तरी किल्ली फिरवाची होती ना रे. तिले कसं समजन, का आता थांबाचं हाय?"