चौकोनी बिस्किटं

कुत्र्यांचे केस कापणं हा धंदा आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "त्यात काय एवढं?" कातरबाई या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यायची नाही. डावा हात पुढे करायची. मनगटापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत चौदा टाक्यांची वेडीवाकडी रेघ. ती बघितली की विचारणारा हवापाण्याचं बोलायला लागायचा.

खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाट्या वाचतो कोण? पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे तिची एक खोली. मागे कुत्र्यांना आंघोळ घालायचं टाकं, मधोमध रबर लावलेलं उंच टेबल, भिंतीवर ओळीने आठ कात्र्या. प्रत्येकीचं काम वेगळं. दुसऱ्या कुणी त्यातल्या एकीने साधी दोरी कापली तरी बाईचा पारा चढायचा. तोंडाने फटकळ, पण हात मऊ. कुत्र्याच्या डोळ्याजवळ कात्री नेताना ती स्वतः श्वास धरायची.

ते चौदा टाके पडले तेव्हा नखं कापायचं चाललं होतं. नंतर दोन महिने हात गळ्यात बांधलेला. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नसणारा. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंनी तिची वेणी घातली, भांडी घासली आणि त्या कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या. हात बरा झाला, पण बाई मनातून मोडली होती. दुकान उघडलं आणि पहिल्याच कुत्र्यासमोर बोटं थरथरायला लागली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. हीच कला येते, दुसरं काही येत नाही, आणि आता तीही हातातून जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

मग हळूहळू नवल घडलं. कुत्री शांत व्हायला लागली. आधी धरून ठेवायला दोन माणसं लागायची तिथे एकटी बाई पुरायला लागली. तिने आपली एक रीत बसवली होती: कुत्रं आलं की त्याला एक बिस्किट द्यायचं आणि पुढचा तासभर त्याला हातसुद्धा लावायचा नाही. बसू दे, हुंगू दे, दुकान ओळखीचं होऊ दे. मगच आंघोळ आणि कात्री. वर्षभरात गावभर झालं, "चावरं असेल तर कातरबाईकडे न्या, तिला हातगुण आहे." खुद्द प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर तिच्याकडे कुत्री पाठवायला लागली. बोटांची थरथर गेली. माणसाने स्वतःवर खूश असावं, त्यात वाईट काही नाही; बाई जरा जास्तच खूश होती. दुसऱ्या गावच्या दोन पोरींना तिने "तास कसा द्यायचा" हे शिकवलंही होतं.

बिस्किटं सासूबाई घरी करायच्या. कणीक, लाल भोपळा, अंडं. दोन डबे असायचे, मवाळ कुत्र्यांना गोल आणि चावऱ्यांना चौकोनी. "चावऱ्यांना चावायला कोपरे लागतात," असं त्या म्हणायच्या आणि बाई हसायची. रोज संध्याकाळी विचारायच्या, "उद्या कोण कोण येणार गं?" सुनेच्या धंद्यात एवढा जीव घालणारी सासू शोधून सापडायची नाही, असं बाई पंक्चरवाल्याला अभिमानाने सांगायची.

त्या मंगळवारी अकरा वाजता कुलूपवाला त्याच्या बटणाला सोडून गेला. बटण म्हणजे पाच किलोचं पांढरं कुत्रं, डोळे काळेभोर, आणि दात असे की कुलूपवाल्याच्या दोन्ही हातांवर त्याची सही. कुलूपवाल्याची बायको गेल्यापासून घरात दोघंच. तो दुकानातसुद्धा बटणाला कुलपांच्या पेटीवर बसवायचा. बाईने नव्या डब्यातलं चौकोनी बिस्किट दिलं. बटणाने ते मटकावलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं.

बारा वाजता तिने त्याला उचलून टेबलावर ठेवलं. बटण उभं राहिना. चारही पाय चार दिशांना गेले. अंग पुढे-मागे झुलायला लागलं, मान पेंगल्यासारखी खाली जायची आणि दचकून वर यायची. टेबलावरून थेंब थेंब लघवी गळत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. "बटण? अरे बाळा?" म्हणत तिने गालाला लावायला हात पुढे केला आणि बटण असं मागे फेकलं गेलं की जणू तिने थप्पड उगारली होती. तिने पुन्हा हात नेला. पुन्हा तसंच. वर्षभर ज्या हाताखाली कुत्री निजायची, त्या हाताला हे एवढंसं कुत्रं भीत होतं.

कुलूपवाला न्यायला आला तेव्हा ती बटणाला टॉवेलात गुंडाळून दारातच उभी होती. दोघंही दवाखान्याकडे धावले, दोन गल्ल्या, तिच्या पायातली एक चप्पल वाटेत राहिली.

डॉक्टरने ताप मोजला, तर अंग थंड. छातीला नळी लावली, तर ठोके संथ. डोळ्यांवर प्रकाश पाडला; बाहुल्या पसरलेल्या.

"काय खाल्लंय?"

"काही नाही," बाई म्हणाली.

"उंदराचं औषध? गाडीच्या रेडिएटरचं पाणी? शेजारी पंक्चरवाला आहे ना तुमच्या?"

"दार बंद होतं, डॉक्टर. तासभर माझ्या डोळ्यांसमोर बसलं होतं."

कुलूपवाला तिच्याकडे बघत होता. "ताई, हातातून पडलं का? पडलं असेल तर सांगा. मी काही बोलणार नाही."

"नाही हो दादा! माझ्या या हाताची शपथ!"

डॉक्टर दोघांच्या मधे आली. "हे बघा, मला खरं कळलं पाहिजे. विष असेल तर आत्ता घाई करायला हवी. पण एवढं गुंगलेलं कुत्रं, त्याला ओकायला लावलं तर ओकलेलं फुप्फुसात जाईल. चुकीचा उपाय केला तर मीच मारीन याला. आणि खरं सांगू? मला हे गांजाचं वाटतंय. तोल जाणं, लघवी गळणं, हात नेला की दचकणं. अशी तीन बघितलीत मी."

"गांजा?" बाईचा आवाज फाटला. "माझ्या दुकानात? डॉक्टर, तोंड सांभाळून बोला!"

"बिस्किट देता ना तुम्ही?"

"ते घरचं असतं. सासूबाई करतात. थांबा, त्यांच्याच तोंडून ऐका." बाईने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तो टेबलावर बटणाशेजारी असा आपटला की जणू पुरावाच. "आई, बिस्किटात काय काय घालता ते जरा डॉक्टरांना सांगा. बटणाला काहीतरी झालंय."

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आई?"

"बाटली नवी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कसली बाटली?"

"माझ्या गुडघ्याची. तेलाची. गार झालेल्या बिस्किटावर एक थेंब टाकते मी. चौकोनीवर दोन." आवाज बारीक झाला. "बटण फार चावरं ना, म्हणून काल चार."

कुलूपवाल्याने तोंडावर हात ठेवला. बाईला वाटलं आपण चुकीचा नंबर लावला, ही दुसरीच कुणाची तरी सासू आहे.

"कधीपासून, आई?"

"तुला चावलं तेव्हापासून."

डॉक्टरने फोन उचलला आणि बाटलीवरचं एकेक अक्षर त्यांना वाचायला लावलं. जुनी बाटली आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातली होती, गांजाच्याच जातीच्या झाडाची, पण झिंग आणणारा भाग जवळजवळ काढून टाकलेली. ते दुकान बंद झालं. मग मालिशवालीने ही नवी आणून दिली, "त्याच झाडाची" म्हणून. सासूबाईंचा हिशेब सरळ होता: झाड एकच, तर तेल एकच. या बाटलीत झिंगच झिंग होती. गुडघ्याला चोळायचं म्हणून त्यांना स्वतःला ती कळलीच नाही.

"माणसाला ज्याने जरा हलकं वाटेल, त्याने कुत्रं आडवं होतं," सलाइनची सुई लावता लावता डॉक्टर सांगत होती. "मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो ना, तिथे हे द्रव्य धरून ठेवणाऱ्या जागा कुत्र्यांत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आणि ते चरबीत मुरतं, लवकर बाहेर पडत नाही. पण कळलं हे बरं झालं. आता ऊब, अंधार आणि शांतता. वाचेल बहुतेक."

वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण आपल्या पायांवर उभं राहिलं आणि डॉक्टरच्या बाहीला चावलं. कुलूपवाला ढसाढसा रडला. जाताना त्याने बाईला एकच विचारलं, "ताई, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" त्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

घरी सासूबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. दोन्ही डबे केरात रिकामे केलेले. रागावणार तरी कुणावर, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तुझी बोटं थरथरायची," त्या म्हणाल्या. "तू लपवायचीस, पण कप कसा वाजायचा बशीत! मला बघवेना. माझे गुडघे त्या तेलाने निवतात, म्हटलं कुत्र्यांचा रागही निवेल. निवला की."

"आणि मला वाटलं मी करतेय!" बाई ओरडली. "दोन पोरींना शिकवलं मी, आई! तास द्या, तास द्या! कसला तास? तुमचं तेल चढायला तास लागायचा!"

"करायला गेले एक," सासूबाई पुटपुटल्या. मग घाबरत घाबरत म्हणाल्या, "पण हात वाचला ना गं तुझा वर्षभर." बाईला हसू आलं की रडू ते तिलाच कळलं नाही, तोंडातून जो आवाज निघाला तो दोन्हींत बसत नव्हता.

डॉक्टरने सांगितलं होतं, जुनं तेलही पाण्यासारखं निरुपद्रवी नाही. काही कुत्र्यांच्या यकृतावर त्याचा ताण येतो, आणि फिटची गोळी चालू असेल तर त्या औषधाशी ते झगडतं. तेव्हा बाईने वहीतल्या एकतीस घरांना फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं, स्वतःच्या तोंडाने. सासूचं नाव घेतलं नाही, "माझ्या दुकानात घडलं" म्हणाली. नऊ जणांनी पुन्हा येणार नाही म्हणून फोन ठेवला. एकाने पोलिसांची भाषा केली. आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "अय्या, मग आमच्यासाठी ठेवा ना थोडी! पाहुणे आले की फार भुंकतो हो." कोण कुणाला काय म्हणणार!

आठ दिवसांनी तिने दुकान उघडलं. बिस्किटं नाहीत. कातड्याचा जाड हातमोजा चढवला. बोटं थरथरत होती आणि आता तिने ती लपवली नाहीत.

पहिल्या आल्या पोस्टातल्या बाई, त्यांचा तेरा वर्षांचा भलामोठा कुरळ्या केसांचा म्हातारा कुत्रा घेऊन. हा दर दोन महिन्यांनी येणारा, दुकानातला सगळ्यात शहाणा. टेबलावर ठेवला की ठेवलेला. "आमचा काही चावायचा नाही, मोजा कशाला?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि टेबलाशी त्याचं डोकं कुशीत घेऊन उभ्या राहिल्या. तासभर तो बसला होता, आंघोळही झाली होती. पाठ झाली, छाती झाली. मग मांडीच्या आतले केस कापायला बाईने त्याचा मागचा उजवा पाय नेहमीसारखा उचलला आणि बाहेर ओढला.

म्हातारा किंचाळला. कुत्रं असं किंचाळतं हे तिने एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं. पंक्चरवाला धावत दारात आला. म्हाताऱ्याने मान वळवून तिचं मनगट तोंडात धरलं होतं. दात रुतवले नव्हते, नुसतं धरलं होतं, आणि अंग थरथरत होतं. बाईने पाय अगदी हळू खाली ठेवला. मोजा काढला. उघड्या बोटांनी खुब्यापाशी चाचपलं. सांधा दगडासारखा आखडलेला होता. हे आठ दिवसांतलं नव्हतं.

"असं कसं?" पोस्टातल्या बाई गांगरून म्हणाल्या. "वर्षभर तुम्ही असाच तर उचलायचात पाय. कधी हूं की चूं केलं नाही."

कातरबाईला सगळं एकदम कळलं. दुखत तेव्हाही असणार. म्हाताऱ्याला ते सांगता येत नव्हतं, कारण सांगायच्या आधीच त्याला एक बिस्किट मिळत होतं.

"सहा वेळा," ती म्हणाली. "सहा वेळा ओढलाय मी हा पाय. आणि मला वाटायचं, माझा हात किती हलका."

बाईने म्हाताऱ्याला अर्धवट कापल्या केसांनिशीच दोन्ही हातांनी तोलून खाली उतरवलं, पाय जराही हलणार नाही असं, आणि डॉक्टरकडे न्यायला दार उघडलं.