सीडीत नसलेलं गाणं

आमच्या गाडीच्या प्लेअरमध्ये एक सीडी अडकली आहे. शाळेत असताना मी ज्या इंग्रजी बँडसाठी वेडी होते, त्याच्या निवडक, गाजलेल्या गाण्यांची. ती बाहेर येत नाही आणि बंदही होत नाही. गाडी सुरू केली की पहिलं गाणं लागतं, आणि ते संपायच्या आत पुढचं माझ्या डोक्यात वाजू लागतं.

काल एका स्थळाच्या घरी गेलो होतो. पोहे झाल्यावर आई सुरू झाली. "हिचं इंग्रजी एकदम फर्स्टक्लास. कथकच्या परीक्षा दिल्यात. आणि पुरणपोळी तर माझ्यापेक्षा मऊ करते!" दर वेळी हाच क्रम, आणि हसायची जागाही हीच.

मुलाने मलाच विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?"

मला खरंच सांगायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत आई म्हणाली, "वाचन!"

त्या बँडचं माझं सर्वांत लाडकं गाणं संथ आहे. ते कधी गाजलं नाही, म्हणून या सीडीत नाही. नुसती ही सीडी ऐकणाऱ्याला वाटेल, यांनी असं काही कधी गायलंच नसेल.

परतताना मी खिडकीकडे तोंड करून तेच गुणगुणत होते. बाबांनी प्लेअरचा आवाज बारीक केला.

"हे कुठलं गं?"

"यात नाहीये ते, बाबा."

"गोड आहे हं," आई पुढच्या सीटवरून वळून म्हणाली. "पुढच्या स्थळाला हेच म्हणून दाखव."

मी गुणगुणणं थांबवलं. सीडीवरचं पुढचं गाणं सुरू झालं.