बिनपगारी बाईचा शब्द

आदिस अबाबातल्या अरात किलोच्या चौकात अस्काले मावशी वर्तमानपत्रं विकत नाही, वाचायला भाड्याने देते. रोजचा अंक विकत घ्यायची ऐपत असती तर ही पोरं नोकरी शोधत कशाला आली असती? एक नाणं द्यायचं, फुटपाथच्या कठड्यावर बसायचं, अर्ध्या तासात जाहिराती उतरवून अंक परत करायचा. अंक चुरगळला तर मावशीचं तोंड सुरू होतं, आणि ते सुरू झालं की समोरचे बूटपॉलिशवालेही ब्रश थांबवून ऐकतात.

सल्ला मात्र फुकट. येत नाही ते येतं म्हणून अर्जात लिहू नका, पहिल्याच दिवशी नेमकं तेच काम गळ्यात पडतं. मुलाखतीला जाताना, उपासाचा बुधवार असला तरी, इंजेराची भाकरी आणि शिरोचं पिठलं खाऊन जा. उपाशी माणूस काम काय ते विचारायच्या आधी पगार विचारतो. हे सगळं ती कुठल्या नोकरीत शिकली म्हणाल, तर तिला जन्मात कुणी नोकरी दिलेली नाही. वीस वर्षं पोरांना घासूनपुसून पाठवणं हीच तिची विद्या. आपल्या कठड्यावर वाचून गेलेले आज शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांत बसलेत, असं ती सांगते. निम्म्या नसतील, पण पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाकडेही तिने कधी कुणासाठी रदबदली केली नव्हती. याचा तिला भारी ताठा होता, आणि तो तिला शोभायचाही.

त्या ताठ्याची परीक्षा पाहिली मेआझाने. मेंझच्या डोंगराळ मुलखातली ही मुलगी पाच महिने रोज येत होती. औषधांच्या एका मोठ्या गोदामात भांडारपालाची जागा निघाली, मेआझा परीक्षेत पहिली आली आणि मग हातात फॉर्म पडला. शुक्रवार दुपारपर्यंत जामीन आणा. मालात तूट आली तर भरून देईल असा, पगारदार, कचेरीचा शिक्का मारू शकणारा. नाही आणला तर जागा दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला.

मेआझाच्या ओळखीचा पगारदार म्हणजे गावचा शाळामास्तर, तो दोन दिवसांच्या वाटेवर. गुरुवारी सकाळी ती फॉर्म घेऊन मावशीपुढे उभी राहिली.

"त्यात काय, मीच राहते जामीन," मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्हाला पगार कुठे आहे?"

बोलणं खरं होतं, म्हणून तर झोंबलं. इतक्या जणांना मार्गाला लावणाऱ्या बाईची सही त्या कागदावर कवडीमोलाची होती. अंकांचा गठ्ठा शेजारच्या लॉटरीवाल्याच्या हवाली करून मावशीने पांढरी शाल सारखी केली आणि पोरीला चल म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या एका सरकारी कचेरीत देम्सेव नावाचा अधिकारी होता. बारा वर्षांपूर्वी तोही त्याच कठड्यावर बसायचा. मावशीला पाहून तो उठून उभा राहिला, कॉफी मागवली, पण फॉर्म वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. घरी दोन लहान मुलं, आणि परक्या पोरीच्या चुकीपायी पगार कापून घ्यायचा म्हणजे काय गंमत आहे? त्याचंही चुकत नव्हतं.

"मावशी, तुम्ही सांगाल ते करेन. पण हिला मी ओळखत नाही. तुम्ही तरी किती ओळखता?"

"रेदिएत नावाची पोरगी हिच्या शेजारी बसते. तीही हिच्याइतकीच शिकलेली. ही जाहिरात आधी हिला दिसली. जागा एकच होती, तरी हिने ती रेदिएतला वाचून दाखवली. परीक्षेत दुसरा नंबर त्याच रेदिएतचा आहे."

देम्सेव हळूच म्हणाला, "या माझ्या नोकरीची जाहिरात मी तुमच्या अंकातून फाडून खिशात घातली होती."

"ठाऊक आहे."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर वसुलीला आल्यासारखं दिसलं असतं. आजही त्यासाठी आलेली नाही. मन घेत नसेल तर नाही म्हण बाबा, मी कॉफी पिऊन जाईन."

देम्सेवने सही केली. उमेदवाराशी नातं, या रकान्यात त्याने 'चुलत बहीण' लिहिलं.

"ही तुझी कुठली बहीण? खोटं कशाला लिहितोस?" मावशी म्हणाली.

त्याने ते खोडलं, थोडा विचार करून दुसरं काही लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिथे होतं: 'ओळख नाही. अस्काले बाईंच्या शब्दावर.' मावशीने ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले, आणि कॉफी अर्धी टाकून ती उठली.

शुक्रवारी ती मेआझाबरोबर गोदामापर्यंत गेली. तिथल्या कारकुनाने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "या अस्काले बाई कोण?"

"मी."

"कुठल्या कचेरीत असता?"

"अरात किलोच्या फुटपाथवर," मावशी ताठ मानेने म्हणाली, आणि कारकुनाने कागद ठेवून घेतला.