खळ्याबाहेरचा भुसा

बेलापूरच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी गावातून निघाले, तेव्हा मायने भाकरी-ठेचा बांधून दिला आणि वर दटावलं, "तिकडं आभाळाकडं बघत चालू नको, गाडीखाली जाशील." वडील, म्हणजे अण्णा, जीप सुटताना खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिथून खळं दिसतंय का बघ."

खळं म्हणजे पावसाळा सरल्यावर आभाळात दिसणारा, मळणीच्या खळ्यासारखा, चार चांदण्यांचा मोठा चौकोन. हे नाव आमच्या घरापुरतं. त्या दिवसांत आम्ही माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपायचो. चौकोनाच्या कोपऱ्यापासून थोडा लांब एक पुसट पांढुरका डाग असायचा. अण्णा म्हणायचे, वाऱ्यानं भुसा खळ्याबाहेर उडाला. मायला तो झटकन सापडायचा, मला फार शोधावा लागे. पुढे कॉलेजात कळलं, की तो भुसा म्हणजे देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेची शेजारीण, अब्जावधी ताऱ्यांची.

मी राहते त्या सानपाड्यात नुसत्या डोळ्यांनी खळं कसंबसं दिसतं, भुसा नाहीच. फोनवर हे सांगितलं तर माय म्हणाली, "मग तिथं ऱ्हाऊन काय उपेग?"

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना ही खोड असेलच, इथल्या माणसांना तिथलं काहीतरी दाखवायची. कुणी हुरडा आणून खिलवतं. मी पावसाळा सरला की दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या टेरेसवर देवयानी दाखवायला दुर्बीण घेऊन उभी राहते आणि नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते. मोबाईलमध्ये फोटो येईल का? रंगीत का दिसत नाही? एकदा सेक्रेटरीकाकांनी "सापडली!" म्हणून आरोळी ठोकली. दुर्बीण पावणे एमआयडीसीकडे वळलेली होती आणि आत कारखान्याच्या दिव्यांत उजळलेली वाफ. देवयानी आपल्यावर आदळणार हे कुणीतरी वाचून आलं, तेव्हा काकांनीच विचारलं, "मॅडम, मग रिडेव्हलपमेंटचं टेन्शन कशाला घ्यायचं?" म्हटलं, अजून अब्जावधी वर्षं आहेत, आणि आदळेलच याचीही खात्री नाही, तुम्ही मीटिंग लावा.

यंदा श्रावणात माय गेली. दसऱ्यानंतर मी अण्णांना इकडे घेऊन आले, ते कायमचंच ठरवून. त्यांच्यासाठी खोली रिकामी केली, गॅलरीत बाज टाकली. ते कशालाही नको म्हणाले नाहीत, पण त्यांची पिशवी भरलेलीच राहिली.

एका शनिवारी ते वर आले. दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं, मग सगळ्यांदेखत विचारलं, "तिथं कुणी असंल अन् त्यानं इकडं बघितलं, तर आपलं घर दिसंल का त्याला?"

सवयीने मी मास्तरणीसारखं उत्तर दिलं. "नाही अण्णा. तिथला उजेड इथे यायला पंचवीस लाख वर्षं लागतात, इथला तिथे जायलाही तेवढीच. त्यांना आत्ता दिसेल ते पंचवीस लाख वर्षांपूर्वीचं. तेव्हा आपलं गाव कुठलं?"

अण्णांनी पुन्हा एकदा दुर्बिणीला डोळा लावला. "म्हंजी तुझी माय त्यांना अजून दिसायचीच हाय."

"हो."

"अन् घर बंद पडलं, अंधार झाला, तर तेबी दिसंल."

मी हो म्हटलं. काय बोलून बसले ते तेव्हाच उमगलं.

"मंग घर बंद ठिवून कसं चालंल, बाई? कुणीतरी दिवा लावाय पायजे."

अंगणातल्या एका बल्बचा उजेड एवढ्या दूर कुणाला ओळखू येणार नाही, हे मला सांगता आलं असतं. नवशिक्याची चूक सुधारायचीच असते. सेक्रेटरीकाकासुद्धा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दुर्बिणीला टोपण लावलं.

अण्णा गावी गेले. ते इथे नाहीत याचं मला रोज वाईट वाटतं, आणि गॅलरीतली बाज अजून उचलवत नाही. तुम्ही लोक विचारता, आता तुझं घर कोणतं? खरं सांगू, सानपाड्याचं म्हणावं तर जीभ अडते, आणि गावाकडचं मायवाचून आठवता येत नाही.

संध्याकाळी ऑफिसातून निघाले की फोन लावते. तब्येत, जेवण सगळं नंतर. आधी विचारते, "लावला का?"

"लावला," अण्णा म्हणतात. तेवढ्यापुरती मी घरी असते.