चौक ओलांडणारं वायफाय

माणसाने चष्मा लावल्याशिवाय मोबाइलवर काही लिहू नये. मी लिहिलं. "आज पासवर्ड चालत नाही. बदललात का?" एवढा साधा प्रश्न मला आमच्या चाळीच्या मधल्या चौकापलीकडच्या शेजाऱ्याला, त्याला एकट्याला, विचारायचा होता. तो गेला चाळीच्या ग्रुपवर. पुसायला म्हणून घाईघाईत जे दाबलं त्याने तो फक्त माझ्या फोनवरून पुसला गेला. बाकीच्या चाळीने सावकाश वाचला.

आमच्या घरात शेजाऱ्याचं वायफाय चालतं ही दोन घरांतली गोष्ट अशी चारही मजल्यांना कळली. तसं ते फुकट नव्हतं, अर्धा वाटा मी वेळेवर देत होतो. पण ग्रुपवर कोण खुलासे करत बसणार? शेजाऱ्याने मात्र उत्तर तिथेच दिलं, सगळ्यांदेखत: "यापुढे ज्याने त्याने आपापले बघावे." खाली जोडलेले हात. तळमजल्यावरच्या कोणीतरी त्यावर हसरा चेहरा टाकला. तो कोणी टाकला हेही माझ्या लक्षात आहे.

शेजाऱ्याच्या रागाचं कारण मला ठाऊक होतं. आदल्या रविवारी चाळ कमिटीची निवडणूक झाली. शेजारी सेक्रेटरीपदाला उभा होता आणि मी हात वर केला तो दुसऱ्याच्या नावाला. मतदान हात वर करून घ्यायचं हा आमच्या चाळीचा जुना रिवाज. लालबागमध्ये भांडण घरपोच मिळण्याची याहून चांगली सोय नाही.

"एका हातासाठी कोणी असं वागतं का?" मी बायकोला म्हटलं.

"तुम्ही हात वर करताना त्यांच्याकडे बघत होतात," ती म्हणाली. "नुसता हात वर करायचा होता."

तेव्हाच मी ठरवलं, सूड घ्यायचा. आता पन्नाशी उलटल्यावर, सकाळची रक्तदाबाची गोळी घेऊन, सूड कसा घेतात हे मला नीट माहीत नव्हतं. आमच्या घराण्यात सुडाची परंपरा नाही. वडील गिरणीत होते. कोणी त्यांच्याशी वाईट वागलं की ते त्याच्या घरच्या गणपतीचा प्रसाद खायचे नाहीत, आणि त्या माणसाला ते कळायचंसुद्धा नाही. मला मात्र कळवायचं होतं. त्याने एक दिवस माझ्या दारात यावं, वायफाय मागावं आणि मी म्हणावं, "आपापले बघावे." आयुष्याकडून मला बाकी काही नको होतं.

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "काका, लाइन घरात आणून देतो. वायफाय पाहिजे तर बॉक्स आमचा, त्याचं भाडं दर महिन्याला वेगळं. नाहीतर बॉक्स तुमचा तुम्ही आणा."

मुलगी कामावर निघता निघता थांबली. तिला यातलं सगळं कळतं. "बाबा, आपण बाजारातून घेऊ. एकदा घेतला की विषय संपला. ह्यांना जन्मभर कशाला भाडं देत बसायचं? त्यात आपल्या खोल्या दोन."

मुद्दा बिनतोड होता. मी तर फ्रीजसुद्धा रोखीने घेतलेला माणूस. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण बॅग आवरता आवरता तो म्हणाला, "भाड्यात मोठा बॉक्स पण आहे. थोडं जास्त पडेल, पण त्याची पॉवर जबरदस्त."

"चौक ओलांडेल?" मी विचारलं.

"काका, तुमच्या खोल्या दोन. चौक कशाला?"

"समोरच्या गॅलरीत दिसलं पाहिजे."

"तिकडे तुमचं कोण असतं?"

"कोणी नाही. म्हणूनच."

मुलीने चपला घातल्या. "बाबा, आपल्या घरात पोचत नाही म्हणून लोक जास्त पैसे भरतात. तुम्ही दुसऱ्याच्या घरात पोचावं म्हणून भरताय."

"भरतोय," मी म्हणालो.

बायकोने कणीक मळता मळता एवढंच विचारलं, "पण समोरपर्यंत नीट येईल ना नक्की?" मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, ही माझ्या बाजूने उभी राहिली.

मोठा बॉक्स भिंतीवर चढला. "नाव काय ठेवायचं वायफायला?" माणसाने विचारलं. नाव माझं तयार होतं. इंग्रजी अक्षरांत त्याच्याकडून टाइप करून घेतलं: आपापले बघावे. आता चाळीत कोणीही फोनवर वायफाय शोधलं की हे नाव सगळ्यांच्या वर, कारण जोर आमचा जास्त. त्या संध्याकाळी शेजारी त्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला, फोन उघडला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि चौकापलीकडून माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा दोरीवरचा वाळलेला टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होतो.

लवकरच त्याच्या वायफायचं नाव बदललं: हात वर करणारे. मग मी बदललं, मग त्याने. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "आज काय नवीन लिवलंत? माझ्या फोनात लवकर दिसत नाय."

शेवटी मी पुन्हा 'आपापले बघावे'वर आलो, कारण त्याहून झोंबणारं मला सुचेना. आणि एक दिवस त्याचं नाव दिसेनासंच झालं. दोन दिवस बघितलं, चार दिवस बघितलं. त्याने लाइनच काढून टाकली होती. शत्रू मैदान सोडून पळाला होता. ऑफिसातून येताना मी दादरला उतरून, काही कारण नसताना, पेढे घेतले. बायकोने त्यातले चार वाटीत काढले आणि समोर देऊन आली. तिचं नि शेजारणीचं जाणं-येणं चालूच होतं. कमिटीत बायकांना हात वर करायला कोणी बोलावत नाही, त्यामुळे त्यांना भांडायची संधीच मिळाली नव्हती.

मग मी वाट बघू लागलो. रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचो. समोर तो फोनवर मोठ्या आवाजात क्रिकेटची मॅच बघत असायचा. फोनचा डेटा जाळतोय बिचारा, मी मनात म्हणायचो. जाळ. किती दिवस जाळशील?

एका रविवारी दुपारी मी शर्टाला इस्त्री करायला घेतली. बाहेरच्या खोलीत धड चालणारा प्लग एकच, म्हणून वायफायच्या बॉक्सची वायर काढून तिथे इस्त्री लावली. समोरची कॉमेंट्री थोड्या वेळाने अर्ध्या वाक्यात थांबली. तेव्हा काही वाटलं नाही. कॉलर झाल्यावर इस्त्री फार तापली म्हणून ती काढून बॉक्स लावला, त्याचे दिवे लागले आणि समोर कोणीतरी चौकार मारला. मी बॉक्स काढला. समोर शांत. लावला. समोर टाळ्या. काढला.

इस्त्री हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. हा माणूस माझ्या मोठ्या बॉक्सवर, माझ्या जास्तीच्या भाड्यावर, माझ्याच जबरदस्त पॉवरवर मॅच बघत होता. 'आपापले बघावे' या नावावर स्वतःच्या अंगठ्याने टिचकी मारून तो आत आला होता. पासवर्ड त्याला कोणी पोचवला, हे शोधायला मला आमच्या स्वयंपाकघरापलीकडे जायची गरज नव्हती.

बॉक्स मी काढूनच ठेवला. खरं सांगतो, पुढची पाच-दहा मिनिटं फार सुखाची गेली. शेजाऱ्याने फोन हलवला. उंच धरला. तळहातावर आपटला. मग तो उठला आणि गॅलरीतून, सगळ्यांच्या दारांवरून वळसा घालत, माझ्या घराकडे निघाला. मी कॉलरपुरता इस्त्री केलेला शर्ट अंगात चढवला, खुर्चीत ताठ बसलो आणि वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं.

तो दारात आला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या डोक्यावरून आत हाक मारली, "वहिनी, वायफाय गेलं काय हो आपलं?"

पदराला हात पुसत बायको बाहेर आली. तिने लोंबणारी वायर बघितली, इस्त्री बघितली, मला बघितलं.

"कुठं जात नाही, भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांचा राग उतरला की येतं. बसा, तोवर चहा टाकते."