जोशीकाकांचा व्हॉल्व्ह

आधी चहाचे कप खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना अंगावर सांडून घ्याल आणि बोल मला लावाल!

लेस्टरला आमच्या पलीकडच्या गल्लीत जोशीकाका राहतात. पंच्याहत्तरी ओलांडलेले. आणि मी हॉस्पिटलात, हार्टच्या वॉर्डात रिसेप्शनला. दिवसभर कानावर काय? बायपास, पेसमेकर, व्हॉल्व्ह! अशात काका फोनवर म्हणाले, "अगं, व्हॉल्व्ह गेलाय. गुरुवारी बदलायचाय." आता मला दुसरं काय सुचणार, सांगा!

"अहो काका, आणि हे तुम्ही हसत सांगताय?"

"मग काय रडू? जुनाच झाला होता. आठवडाभर नुसता थंडगार पडलोय मी."

थंडगार! माझ्याच छातीत कळ आली हो.

"केतकीला कळवलंत?"

"तिला कशाला? उगाच बर्मिंगहॅमहून धावत येईल. दुपारपर्यंत आटपेल सगळं. संध्याकाळी ये भजी खायला."

ऑपरेशन करून भजी? काय धीराचा माणूस! पण पोटच्या पोरीपासून लपवायचं? मला राहवेना. लावला केतकीला फोन. ती इथंच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी जरा…

"बाबाचा हार्ट? मला काहीच नाही सांगितली! मी गुरुवारी येते, त्याला नको सांगू!"

तेवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? गुरुवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं, 'जोशीकाकांसाठी प्रार्थना करा.'

केतकी ऑफिस सोडून आली. काकांना हॉस्पिटलात न्यायला आम्ही दोघी त्यांच्या दारात. काकूंनी दार उघडलं.

"अगंबाई, केतकी! ये ये. आत नुसता गोंधळ चाललाय. सगळं उघडून ठेवलंय, जुना काढला, आणि नवा काही बसत नाहीये!"

"घरात?" मी किंचाळले.

"मग काय रस्त्यावर?"

केतकी आत धावली, मागोमाग मी. बघते तर काका ओव्हरकोट, मफलर, कानटोपी अशा थाटात खुर्चीत. समोर त्यांची गॅस फायर, हो हो, खोली गरम करायची शेगडी, पोट उघडून बसलेली! आणि तिच्यापुढे गुडघे टेकून गॅसवाला इंजिनिअर. हातात पितळी व्हॉल्व्ह.

केतकी काकांच्या गळ्यात पडून हुंदके देतेय. "बाबा, तुझा हार्ट!"

"माझ्या हार्टला काय धाड भरलीय?"

सगळे हळूहळू माझ्याकडे वळले. तेवढ्यात काकांचा मोबाईल टिंग टिंग करायला लागला. काकांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "काका, लवकर बरे व्हा. सगळं मंडळ तुमच्या पाठीशी आहे." मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मटकन सोफ्यावर.

शेवटी व्हॉल्व्ह बसला. इंजिनिअरनं सगळं दोनदा तपासलं, शेगडी पेटवली आणि माझा पांढराफटक चेहरा बघून घाबरून विचारलं, "इज शी ऑलराइट?"

"यस, यस. हर व्हॉल्व्ह इज फाइन," काका म्हणाले, आणि आमच्याकडे वळून मराठीत, "स्क्रू ढिला आहे. तो काही याच्याकडे मिळायचा नाही!"