तीन पाकळ्यांचा स्क्रू

संतरामच्या दुकानात गिऱ्हाइकाला उभं राहता येत नसे. रेडिओ उघडायच्या आधी तो स्टूल पुढे सरकवी. "बसा. हात पुढं करा," म्हणे, आणि काढलेला एकेक स्क्रू त्या माणसाच्या तळहातावर ठेवी. एसटीच्या घाईतली माणसं वैतागत. वारंगा फाट्यावर गाडी दहा मिनिटं थांबायची, आणि हा रेडिओच्या पोटात काय आहे ते दाखवत बसायचा. पण नांदेडला ज्या उस्तादाकडे तो शिकला, तो उस्ताद काम करताना नेहमी पाठ फिरवून बसे. चार वर्षं संतरामनं ती पाठच पाहिली, काम खांद्यावरून चोरून शिकला. फाट्यावर दुकान टाकलं तेव्हा त्यानं ठरवलं, आपण कुणाकडे पाठ करायची नाही.

१९७७ च्या फेब्रुवारीत त्या स्टुलावर डोंगरकड्याच्या आशाबाई येऊन बसल्या. गणित घेऊन इंटर झालेल्या. कालव्याच्या सर्व्हे कॅम्पात त्यांना तात्पुरती नेमणूक मिळाली होती, नव्या कॅल्क्युलेटरवर पातळ्यांची आकडेमोड करायला. ते वीतभर काळं यंत्र आठवडाभर बंद पडलं होतं. त्याची बॅटरी गेली होती. दुसरी फक्त त्याच कंपनीची चाले, आणि ती बसवायला कंपनीचाच माणूस मुंबईहून यायचा. पत्राला उत्तर आलं होतं, दीड-दोन महिने लागतील. आशाबाईंची ऑर्डर एकतीस मार्चला संपत होती.

"यंत्र बंद आणि मी रिकामी," त्या म्हणाल्या. "महिनाभर असं दिसलं तर ऑर्डर कोण वाढवील?"

"हितं आणायला सायबाला इचारलं का?"

"साहेब म्हणाले, मी काही पाहिलं नाही."

संतराम हसला. बॅटरी त्यानं उन्हाकडे धरली. एका कडेला खाच होती. त्या खाचेमुळे दुसरी कुठलीच बॅटरी त्या घरात बसली नसती.

सरकारी केंद्रावर कापूस घालून गावी परतणारे पुंजाजी गाडीची वाट पाहत बाजूला टेकले होते. ते म्हणाले, "दुसऱ्याचं चालत न्हाई म्हंजे सासुरवासच झाला की. सरकारनं कापसाचा एकाधिकार घेतला, ह्यांनी सेलचा."

"कापसाचा कायदा तरी समद्यांना ठाऊक हाये, मामा. ह्यांनी गुपचूप केला."

"मशीन त्येंनी बनवलं. दार बी त्येंचंच असणार."

"पटलं न्हाई तर दुसरं मशीन घ्यावं म्हणलं, तर मिळतं का, ताई?"

"आमच्या ऑफिसच्या यादीत एकच नाव आहे," आशाबाई म्हणाल्या.

संतरामनं ब्लेडनं बॅटरीचा सांधा उकलला. आत चिकटपट्टीत गुंडाळलेले तीन सेल होते. लहान टॉर्चमध्ये घालतात त्याच मापाचे.

त्यांच्या जागी त्यानं बाजारातले तीन सेल घातले. त्यांचा जोर थोडा जास्त पडतो, तो उतरवायला त्यानं जुन्या रेडिओतला एक डायोड मध्ये जोडला. तरी यंत्र पेटेना. गळलेल्या सेलनं आतली तार खाल्ली असणार. आता यंत्रच उघडायला हवं होतं. स्क्रूचं तोंड तीन पाकळ्यांचं होतं आणि त्यावर कंपनीचा कागद चिकटवलेला.

"ह्यो फाटला तर कंपनी पुन्हा हात लावणार न्हाई, ताई. आत काही जळलं तर तुमची नोकरी आजच जाईल."

आशाबाईंनी कागदाकडे पाहिलं. "फाडा," म्हणाल्या.

सायकलचा आरा कानशीनं घासून तीन पाकळ्यांचं टोक करण्यात दुपार गेली. झाकण निघालं. संतरामला वाटलं होतं तारांचं जंगल असेल. आत गोमेसारख्या पायांचा एक काळा तुकडा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा.

"समदं गणित ह्याच्यातच?"

"हो. लॉगची अख्खी पुस्तकं."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ त्या तुकड्याला हात लावला नाही.

"हे मला उघडत न्हाई ते इतकं बारीक हाये म्हणून," तो हळू म्हणाला. "ज्यानं केलं त्येच्या पाया पडावं. पण ती खाच आन् ह्यो स्क्रू, ते मी आत येऊ नये म्हणून केलंय."

तार जोडली. तांबडे आकडे उगवले. आशाबाईंनी दोनाचं वर्गमूळ काढून दाखवलं, मग त्या उत्तराला त्याच उत्तरानं गुणलं. दोनाला केसभर कमी आलं.

"मापात मारतं," पुंजाजी म्हणाले. "म्हंजे व्यापारीच हाये."

आठवड्यानं आशाबाई पुन्हा आल्या. बाकीच्या दोन कॅम्पांतली यंत्रंही बंद पडत होती. "संतरामभाऊ, हे कुणाला दाखवू नका. कॅम्पात एवढी एकच गोष्ट मला येते, दुसऱ्या कुणाला येत नाही."

तो "बरं," म्हणाला.

शुक्रवारी त्या फाट्यावर उतरल्या तेव्हा स्टुलावर दुसऱ्या कॅम्पातले वसराम बसले होते. हात रिकामे. संतराम त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बॅटरी उकलत होता. त्याचे खांदे आक्रसलेले होते. आशाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. दिलेला शब्द पाळताना माणूस असाही दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या आत गेल्या. "भाऊ, फिरा इकडं. वसरामदादांना डायोड कुठं लावायचा ते मी सांगते."

मार्चच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. "आता हे वसरामलाही येतं म्हणे. मग तुम्हाला कशाला ठेवायचं?"

"सेल कुणीही बसवील, साहेब. पातळ्या काढायला मला ठेवलंय."

साहेबांनी त्यांची वही ओढून घेतली. कालव्याच्या सात किलोमीटरच्या पातळ्या काढून झाल्या होत्या, एकही खाडाखोड नव्हती. पानं उलटत ते शेवटपर्यंत गेले, मग ऑर्डर जूनअखेरपर्यंत वाढवली.

कंपनीचा माणूस एप्रिलमध्ये आला. फाटलेला कागद पाहून यंत्राला हात न लावता परत गेला. तोवर आशाबाई अकराव्या किलोमीटरला पोचल्या होत्या.